कपाचा कान

काचसामानाच्या त्या दुकानात नोकरी मागायला येणाऱ्या प्रत्येकाला चहा मिळायचा, आणि त्या चहाच्या कपाचा कान हटकून त्याच्या हातात यायचा.

हा काही योगायोग नव्हता. दुकान घाऊक मालाचं. पुढे माल दाखवायचं दालन, मागे गोदाम, आणि दोन्हींच्या मधे मालकांची लाकडी खोली. तिच्या भिंती छतापर्यंत पोचलेल्याच नव्हत्या. मालक सत्तरीला टेकलेले, अंगानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. कुणी अर्ज घेऊन आला की ते कागद वाचायचे, नाही असं नाही. पण वाचून झाला की घडी घालून चष्म्याच्या घराखाली सारायचे. "कागदावर सगळेच गुणांचे पुतळे असतात," ते म्हणायचे. "आमच्याकडे माल फुटतो. रोज फुटतो. फुटल्यावर माणूस काय करतो, ते कागदावर कोण लिहितो?" आणि मग चहा मागवायचे.

कप पांढरा, निळ्या काठाचा, अगदी साधा. दोन-तीन घोट गेले की कान बोटात राहायचा आणि कप बशीत आपटायचा. पुढचं सगळं मालक चष्म्याच्या वरून बघत राहायचे. एका पठ्ठ्यानं तुटका कान गुपचूप खिशात घातला आणि उरलेला चहा कप दोन्ही हातांत धरून संपवला. चटके बसत होते, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. तो आज तिथला हिशेबनीस आहे. दुसरा म्हणाला, "चला, सुरुवात तर झोकात झाली," आणि स्वतःच फडकं शोधून टेबल पुसायला लागला. तो पुढच्या दालनात गिऱ्हाइकं सांभाळतो. पण जो चहा आणणाऱ्यावर खेकसला, 'असले कप देता का माणसाला' म्हणाला, त्याला मालकांनी आजवर कधी ठेवलं नव्हतं. त्याच्याशी चहा संपेपर्यंत गोड बोलायचे आणि आल्या पावली वाटेला लावायचे. आपलं दुसऱ्यावर ढकलणारा माणूस काचेच्या दुकानात नको, हा त्यांचा नियम अख्ख्या दुकानाला पाठ होता.

बाहेर मात्र कुणाला त्याचा पत्ता नव्हता. दुकानातला प्रत्येक जण त्या कपातून गेलेला, तरी कुणी बाहेर बोलायचा नाही. त्यात निष्ठा वगैरे काही नाही हो! आपण फजिती भोगली, तर दुसऱ्यानं का सुटावं, एवढाच हिशेब. सासुरवास सोसलेली सून पुढे सासू झाली की जशी वागते, तीच तऱ्हा.

तर हा कप चिकटवायचं काम डिंकताईचं.

डिंकताई हे तिला दुकानानं दिलेलं नाव. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाच्या तोंडी यायचं. ती गोदामात बांधाबांध करायची: पेंढा, कागद, पुठ्ठा, सुतळी. टवका उडालेले नमुने जोडून पुन्हा मांडणीवर उभे करायची. पहिल्यांदा ती नोकरी मागायला आली तेव्हा कप तिच्याही हातात तुटला होता. तिनं कान उलटसुलट करून पाहिला, तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि मालकांना विचारलं, "डिंकानं चिकटवलाय का?"

"हो," मालक म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे.

"मग फार पातळ केलाय. उचलतानाच सुटत असेल कधीकधी."

सुटत होता. चहा आणणाऱ्याच्या अंगावर सांडत होता. त्या दिवसापासून कप डिंकताईकडे गेला, आणि तिनं त्या कामाचं शास्त्र करून टाकलं. डिंक किती, त्यात खडूची पूड किती, सुकवायचा कुठल्या फळीवर. जास्त झाला तर कान तुटायचा नाही, कमी झाला तर टेबलावर पोचायच्या आधीच निखळायचा. मालक जाता जाता म्हणायचे, "उद्या एक जण येतोय," ती मान हलवायची, झालं. ह्या कामाचे वेगळे पैसे नव्हते. पण ह्या दुकानात कोण येणार आणि कोण नाही, त्यात आपल्या बोटाचा वाटा आहे, ही काय लहान गोष्ट आहे? तिला तिचा अभिमान होता आणि तिनं तो कधी लपवला नाही.

आता तिच्या नवऱ्याकडे येऊ. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोक घाई करतात. छापखान्यात मशीनवर होता. व्यसन नाही, उधळेपणा नाही, पगाराचं पाकीट न फोडता घरी. फक्त एक होतं. त्याच्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नव्हती. छपाई वाकडी आली, तर कागद दमट. शाई पसरली, तर शाई हलकी. बस चुकली, तर बस वेळेआधी सुटलेली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. ह्याच्या पायाखाली सरळ अंगण कधी आलंच नाही. एकदा तो दिवसभर शेजाऱ्याचे बूट घालून हिंडून आला, आणि संध्याकाळी शेजाऱ्यालाच ऐकवलं, की दुसऱ्यासारखे दिसणारे बूट माणसानं विकत घ्यावेतच कशाला. शेजारी बिचारा भला. त्यानं वर माफी मागितली.

डिंकताईनं पहिली काही वर्षं भांडून बघितलं. मग अबोला धरून बघितलं. अबोला धरल्यावर तो म्हणायचा, "तुझं काही दुखतंय का?" आणि डॉक्टरकडे घेऊन जायचा. पुढे तिनं नाद सोडला. स्वभावाला औषध नाही. तरी एक इच्छा मनात तळाशी पडून राहिली होती: ह्या माणसाच्या तोंडून 'चुकलं माझं' हे दोन शब्द एकदा ऐकायचे. दागिना मागितला नाही, प्रवास मागितला नाही. हे मागायचं कसं, तेवढं तिला सुचलं नाही.

मग छापखाना बंद पडला. छापून घेणारे उरले नाहीत, मालकानं यंत्रं भंगारात काढली. नवरा घरी बसला, आणि घरी बसून त्यानं घराची तपासणी सुरू केली. डबे चुकीच्या फळीवर होते. पडदे चुकीच्या बाजूला सरकत होते. ती कामावरून दमून आली की दारातच तो दिवसभराचा अहवाल द्यायचा, आणि त्या अहवालात ती सोडून दुसरं कुणी आरोपी नसायचं, कारण घरात तिसरं माणूसच नव्हतं. मुलगी लग्न होऊन वेगळी राहत होती. ती एका मोठ्या कंपनीत माणसं निवडायच्या खात्यात होती, आणि सुट्टीला आली की बाबांच्या नोकरीचं मनावर घ्यायची.

तिनं बाबांची माहिती सुबक टाईप करून आणली. नवऱ्यानं चष्मा लावून वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंयस? 'चुकांमधून शिकण्याची वृत्ती.'"

"असं लिहावं लागतं, बाबा."

"पण कुठल्या चुका?"

मुलीनं आईकडे बघितलं. आई भांडी पुसत होती. पुसून झालेलं पातेलं तिनं पुन्हा एकदा पुसलं.

कागदाचा उपयोग झाला नाही. कुठूनही उत्तर आलं नाही. तेव्हा मुलगी म्हणाली, हल्ली कागद कुणी बघत नाही बाबा, माणूस बघतात. दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा, त्यात तुमचा स्वभाव दिसला पाहिजे. नवऱ्याला पटलं. स्वभाव दाखवायला त्याची कधीच ना नव्हती. त्याला इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीजवळ बसवलं, आणि मुलगी मोबाईल धरून म्हणाली, "बाबा, आता तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा, आणि तिच्यातून काय शिकलात ते सांगा. सगळे हेच विचारतात."

नवरा विचारात पडला. प्रामाणिकपणे पडला, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. कपाळाला आठ्या घालून त्यानं सगळं आयुष्य चाळलं. मोबाईल धरून मुलीचा हात भरून आला. अखेर त्याचा चेहरा उजळला, आणि त्यानं छापखान्याच्या मालकानं स्वस्तातली शाई आणून कसा घोळ घातला होता ती गोष्ट साग्रसंगीत सांगितली. शेवटी म्हणाला, "ह्यातून मी शिकलो, की लोक ऐकत नाहीत."

मुलीनं मोबाईल खाली ठेवला. "छान झालं, बाबा," म्हणाली आणि स्वयंपाकघरात येऊन आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली. आईही हसली. हसता हसता तिच्या मनात आलं, हिला दोनच मिनिटं काढायची आहेत म्हणून हसू येतंय.

आणि एक दिवस ती गोदामात सुतळी गुंडाळत असताना मालक तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ताई, तुमचे मिस्टर सध्या घरीच असतात ना?"

"हो."

"जागा निघालीय एक. माल उतरवून घेणं, मोजदाद, असं काम आहे. परवा पाठवा त्यांना." दोन पावलं जाऊन ते वळले. "आणि परवा एक जण येतोय. कप तयार ठेवा."

हे त्यांनी अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं. डिंकताईनं रोजच्यासारखी मान हलवली. नोकरी हवी होती, फार हवी होती. एका पगारात घर कसंबसं चाललं असतं. पण तो घरात असाच बसून राहिला असता, तर एक दिवस तिनंच काहीतरी फोडलं असतं. आणि कान तुटल्यावर तो काय म्हणणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तो कान उजेडात धरणार, फिरवून बघणार आणि विचारणार, 'हे कुणी चिकटवलंय?'

त्या संध्याकाळी तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. इतकी वर्षं मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

नवरा आधी चकित झाला, मग चिडला. "हा कुठला न्याय? कप त्यांनी तोडून ठेवायचा आणि माफी मी मागायची?"

आता खरं सांगायचं तर ह्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण डिंकताईला त्या दिवशी न्याय नको होता, नोकरी हवी होती. "फक्त एवढंच म्हणायचं," ती म्हणाली. "'चुकलं माझं. कप माझ्या हातून फुटला. भरून देतो.' म्हणा बघू."

"चुकलं माझं, पण—"

"पण नाही."

"पण का नाही?"

"तुम्ही 'पण' म्हणालात की नोकरी गेली. पुन्हा म्हणा."

तो म्हणाला. पुन्हा 'पण' आला. कधी तो शेवटी यायचा, कधी मधेच डोकं वर काढायचा. तोंडात नसला तर भुवईत असायचा. हातात रोजचा पेला धरून तो स्वयंपाकघरात उभा, समोर ती टेबलाला टेकून. एखाद्या मास्तरणीसारखी ती प्रत्येक वेळी मान हलवत होती. 'पण' जायला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी शेवटी वाक्य इतकं गुळगुळीत झालं की त्याला स्वतःलाच आवडायला लागलं. आरशासमोरही म्हणून बघितलं त्यानं. ती मात्र ते वाक्य ऐकताना दर वेळी नजर दुसरीकडे वळवत होती. ते तिच्याकडे बघून म्हटलं जात होतं, आणि तिला उद्देशून नव्हतं. ह्याचा त्रास होईल असं तिला वाटलं नव्हतं, पण झाला.

त्या दोन संध्याकाळींच्या मधल्या दिवशी गोदामात डिंकाची वाटी समोर घेऊन ती बसली, आणि हात चालेना. मालकांनी ह्या कपाबाबत आजवर तिला कधी विचारलं नव्हतं, की कुणाला बोलली नाहीस ना. विचारायची गरजच त्यांना वाटली नव्हती. आता त्यांच्यासमोर नाटक होणार आणि ते खरं मानणार. मानलं तर तिनं त्यांना फसवलं. नाही मानलं तर नवऱ्याची नोकरी गेली. बराच वेळ ती वाटीतला डिंक काडीनं ढवळत बसली. मग उठली आणि नमुने जोडायला वापरायच्या पक्क्या चिकटवणाच्या दोन नळ्या घेऊन आली. कान तुटलाच नाही तर नाटकही नाही आणि फसवणूकही नाही. डिंक जास्त झाला असेल असं मालक म्हणतील, चार प्रश्न विचारतील, आणि कागद बघून काय ते ठरवतील. जगात बाकी सगळ्यांना अशाच नोकऱ्या लागतात की! तिनं कान असा बसवला, की हातोडीनंही हलला नसता.

हे नवऱ्याला सांगायला पाहिजे होतं. पण त्याच्या तोंडून 'पण' आत्ता कुठं जायला लागलेला, त्यात नवीन काही घुसवलं तर सगळंच फिसकटेल असं तिला वाटलं. गप्प राहणं बरं, असं तिनं ठरवलं. चूक झाली ती इथं.

ठरल्या दिवशी दुपार कलताना नवरा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मुलीनं टाईप केलेला कागद. मालकांनी कागद वाचला, घडी घातली, चष्म्याच्या घराखाली सारला. चहा मागवला. लाकडी भिंतीच्या पलीकडे डिंकताई पेंढा पसरून उभी होती, आणि हातांना काम नसल्यामुळे तोच पेंढा पुन्हा गोळा करत होती.

पहिला घोट झाला. दुसरा झाला. छापखान्याबद्दल काहीतरी बोलणं झालं. तिसरा, चौथा. चहा संपत आला तरी कान जागच्या जागी! नवऱ्याला घाम फुटला. त्याचं वाक्य तयार होतं, ओठांवर आलेलं होतं, आणि ते म्हणायला निमित्तच मिळेना. त्यानं कपाला हळूच एक हिसका दिला. मग कान बोटांत धरून पिळला. मग अंगठ्यानं दाबून बघितला. मालक बोलायचे थांबून चष्म्याच्या वरून बघत होते. इतक्या जणांना त्यांनी हा कप दिला होता, पण कपाचे असे हाल करणारा माणूस पहिल्यांदाच बघत होते. शेवटी नवऱ्यानं मनाचा हिय्या केला आणि कप बशीच्या काठावर दाणकन आदळला. सांधा पक्काच राहिला. कप उभा चिरला, बशीचे दोन तुकडे झाले, आणि उरलासुरला चहा मालकांच्या पायजम्यावर गेला.

"चुकलं माझं," नवरा म्हणाला. "कप माझ्या हातून फुटला. भरून देतो."

भिंतीपलीकडे डिंकताईचे हात थांबले. वाक्य तिनंच शिकवलेलं, शब्दन् शब्द तिचा, आणि तरी तिनं ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. इतकं सुरेख म्हणाला तो. आवाज खाली, घाई नाही, कुठं 'पण' नाही. म्हणजे ह्या माणसाला हे म्हणता येतं, तिला वाटलं. जीभ वळते. एका कपासाठी वळते.

"ताई," मालकांनी हाक मारली, "जरा आत या."

ती गेली तेव्हा मालकांच्या हातात कपाचा तुकडा होता, आणि त्या तुकड्याला कान घट्ट चिकटलेला होता. "हा डिंक नाही," ते म्हणाले. मग नवऱ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "तुम्हाला कपाबद्दल माहीत होतं?"

डिंकताईनं तोंड उघडलं, पण नवऱ्यानं तिला पुरतं उघडूही दिलं नाही.

"हिनं सांगितलं. मी नको म्हणत होतो, विचारा हिला, मी म्हटलं हा कुठला न्याय. पण हिचा हट्ट. आणि तिसऱ्या घोटाला तुटतो म्हणाली, तुटला कुठं? साधा कप चिकटवायचा, तो नीट चिकटवला नाही, आणि तोंडघशी पडलो मी."

पायजम्यावरचा चहा झटकत मालक म्हणाले, "तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा."

नवरा गेला. दार लागलं.

"सांगितलं मी," डिंकताई म्हणाली. "आणि मग लाज वाटली म्हणून पक्का चिकटवला, तोही मीच. चुकलं माझं." हे तिनं काही घोकलेलं नव्हतं.

"हो," मालक म्हणाले. "चुकलं." ते रागावले नव्हते, रागावले असते तर सोपं गेलं असतं. "इथून पुढे कप मीच चिकटवत जाईन."

तिनं मान हलवली. हे फार लागलं तिला. पगार कापला असता तर एवढं लागलं नसतं.

"आता मला सांगा," मालक म्हणाले. "आपलं दुसऱ्यावर ढकलणारा माणूस मी आजवर ठेवला नाही. ह्यांनी तर तुमच्यावरच ढकललं, आणि तेही कुणी सांगितलं हे मी विचारायच्या आत. पण तुम्ही ह्यांच्याबरोबर आयुष्य काढलंत. कागदावर नाही ते तुम्हाला माहीत असणार. माणूस कसा आहे?"

डिंकताईला वाटलं, आता खोटं बोलावं. मग वाटलं, आजच्या दिवसाला एवढं पुरे.

"वेळेवर येतील," ती म्हणाली. "पैशाला हात लावणार नाहीत. मी आजारी होते तेव्हा माझं सगळं केलं, तोंड वाकडं न करता केलं. काम अर्धवट टाकणार नाहीत. पण त्यांची चूक कधीच नसते, मालक. तुम्ही डोळ्यांनी बघितलीत तरी नसते. तुमच्या सगळ्या गोदामाची काच त्यांच्या हातून फुटली, तरी ती गोदामाची चूक असेल. आणि समोरचा शेवटी दमतो. मी दमले. समोरच्याला वाटायला लागतं, की आपलंच काहीतरी चुकलं असेल."

मालकांनी चष्मा काढला. "समोरचा दमतो?"

"दरवेळी."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मालवाहतूकवाल्यांकडून फुटून आलेल्या मालाची भरपाई वसूल करायचं टेबल वरच्या मजल्यावर होतं, आणि तिथं एकही माणूस टिकत नव्हता. वाहतूकवाले बोलून बोलून समोरच्याला गार करायचे. दुकानाचे लोक भिडेखातर निम्म्यावर तडजोड करून यायचे. "ह्यांना घरातून उचलून त्यांच्यासमोर बसवलं तर?" मालक स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. "काय वाटतं?"

"वाहतूकवाल्यांची दया येईल," डिंकताई म्हणाली.

मालक हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. "बघू महिनाभर. उद्यापासून पाठवा."

"पाठवते." दारापर्यंत जाऊन ती थांबली. "एक विनंती होती. वरच्या मजल्यावरच ठेवा त्यांना. माझ्या गोदामात नको."

संध्याकाळी दोघं बरोबर घरी निघाली. रस्त्यावर दुकानं बंद होत होती, शटर ओढल्याचे आवाज येत होते. तिनं त्याला नोकरीचं सांगितलं. टेबल कुठलं, काम काय, सगळं सांगितलं.

"म्हणजे भांडायचं काम," तो म्हणाला.

"भरपाई वसूल करायचं."

"तेच ते." त्याची चाल एकदम ताठ झाली. "पण माझं काय बघून दिलं हे? कागद तर त्यांनी धड वाचलासुद्धा नाही."

"मला विचारलं. मी तुमचा स्वभाव सांगितला."

"काय सांगितलास?"

"आहे तो."

तो खूश झाला. मनापासून खूश झाला. "बघ! पोरगी म्हणत होती ते खोटं नाही. कागदात काही नसतं. माणसाचा स्वभाव दिसला पाहिजे." थोडं पुढे जाऊन म्हणाला, "आणि तू नीट सांगितलास, हे बरं केलंस."

एवढं कौतुक त्याच्या तोंडून तिनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यामुळेच कदाचित तिला धीर आला.

"अहो, आत तुम्ही मालकांना म्हणालात ना, 'चुकलं माझं'..."

"हं. चांगलं झालं ना?"

"छान झालं. ते एकदा मला म्हणा."

तो थांबला. "तुला? कशाबद्दल?"

"कशाबद्दलही."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग कपाळाला आठ्या घातल्या आणि विचार करायला लागला, अगदी मनापासून. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. ती उभी राहिली. मघाशी मालकांच्या खोलीत झालं त्याबद्दल तरी म्हणेल, असं तिला वाटत होतं. इतकं ताजं होतं ते.

"नाही गं," तो अखेर म्हणाला. "आठवत नाही काही. असतं तर म्हटलं असतं की!"

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, आडमुठेपणा नव्हता. त्यानं खरोखर शोधलं होतं आणि त्याला काही सापडलं नव्हतं. इतकी वर्षं ती समजत होती, की ह्याला कळतं आणि हा म्हणत नाही. त्याच जोरावर ती रागावली होती, भांडली होती, वाट बघत राहिली होती. तिला रडू आलं, आणि त्यानं ते बघितलं.

"काय झालं? दुखतंय का कुठं?" त्यानं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. "दिवसभर उभी राहतेस, त्यानं होतं हे. तिथं एक स्टूल ठेवायला काय होतं त्यांना? उद्याच बोलतो मी."

"बोला," ती म्हणाली आणि डोळे पुसून चालायला लागली.